पाणीपट्टी आम्ही भरतो, आता पाण्यात पट्टी उभी करा

मा. जिल्हाधिकारी, ठाणे
यांस,



मी टिटवाळ्याचा रहिवासी. आठवड्याचे सहा दिवस लोकलने जातो-येतो आणि रविवारी काळू नदीच्या काठी गळ टाकून बसतो. आमच्या घरी याला छंद म्हणत नाहीत, रिकामपणचा उद्योग म्हणतात. पिशवीतून एखादी मरळ निघाली तर तेवढ्यापुरता तो उद्योग माफ होतो. पत्र आपल्याला लिहितोय, कारण २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्षपद आपल्या खुर्चीला दिलं आहे. शिवाय धरणाच्या विसर्गाचं पत्र असो, पावसाळ्यातला बंदी आदेश असो की वाळूचा पंचनामा, सगळं शेवटी आपल्याच टेबलावर येतं.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. श्रावणातला रविवार, छान ऊन पडलेलं. रुंदे गावाच्या बाजूला एका खडकावर मी बसलो होतो. चपला शेजारच्या खालच्या दगडावर, गांडुळांची डबी मांडीजवळ. थोड्या अंतरावर एक म्हातारे कातकरी बाबा त्यांची भोकशी, म्हणजे मासे धरायचा बांबूचा सापळा, बघत होते. अचानक त्यांनी ती आवरायला घेतली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शेट, उठा. पाणी लाल झालंय." मी पाहिलं तर पाणी मला तसंच दिसत होतं. नीट पाहिलं तेव्हा कळलं की चहात दूध कमी पडावं तसा रंग आलाय, वर सुका पाला, काटक्या आणि फेसाचे पुंजके वाहत येतायत. मी दोरा गुंडाळेपर्यंत चपला ठेवलेला दगड दिसेनासा झाला. चपला गेल्या त्या गेल्याच. टिटवाळ्यात त्या दिवशी थेंब पडला नव्हता. पडला होता तो तिकडे मुरबाडच्या डोंगरात, माळशेजच्या पायथ्याशी, जिथून काळू येते.

माझ्या फोनवर त्या सकाळी संदेश आलेला होता. ठाणे जिल्ह्याला पिवळा इशारा. तोच संदेश मीरा रोडच्या माणसालाही गेला असणार. भाईंदरच्या खाडीपासून माळशेज घाटापर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला एकच रंग. मीरा रोडच्या माणसाने त्या संदेशावरून छत्री घेतली असेल. मला छत्री नको होती, मला खडकावरून उठायचं होतं, आणि ते मला फोनने नव्हे, भोकशी आवरणाऱ्या बाबांनी सांगितलं. मी एकटा बसलो असतो तर हे पत्र बहुधा दुसऱ्या कुणीतरी आणि वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

पावसाळ्यात सांगलीच्या माणसाला फोन करून बघा. 'पाऊस कसा आहे?' असं विचारलं तरी तो पावसाचं उत्तर देत नाही. म्हणतो, 'आयर्विनला छत्तीस झालंय, चढतंय.' १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल हे त्या शहराचं घड्याळ आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्यामधल्या एकेका फुटाचा अर्थ गल्लीगल्लीला पाठ. २०१९च्या ऑगस्टात तो आकडा सत्तावन्नच्या पुढे गेला, तेव्हा लोक पाण्याबरोबर त्या आकड्याकडेही बघत होते. कोल्हापुरात हेच काम राजाराम बंधारा करतो, तिथे एकोणचाळीस आणि त्रेचाळीस. नाशिककरांना तर फुटांचीही गरज नाही. गोदावरीतला दुतोंड्या मारुती उभाच आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं, एवढं बोललं की सगळं शहर समजतं. पुण्यात भिडे पूल बुडाला की खडकवासल्यातून काय सुटलंय याचा अंदाज पुणेकर घरबसल्या बांधतो, आणि क्युसेक हा शब्द तिथे रिक्षावालाही वापरतो.

या सगळ्या शहरांत मोजणारी यंत्रं आहेतच. कृष्णा-भीमा खोऱ्यात तर जलसंपदा विभागाने पाऊस आणि पातळी आपोआप कळवणारी केंद्रं उभी केली आहेत. पण लोकांच्या तोंडी जे आहे ते यंत्र नव्हे. तोंडी आहे पुलाचा खांब किंवा मारुतीची कंबर. जे डोळ्याने दिसतं आणि ज्याचं नाव घेता येतं, तेच माप माणूस वापरतो.

आमच्याकडे मोजमाप होत नाही असं मी म्हणत नाही. उल्हास नदीची पातळी बदलापूरला मोजतात, साडेसतरा मीटरला ती धोक्याची होते, आणि जोराच्या पावसात ही बातमी वर्तमानपत्रातही येते. पण साडेसतरा मीटर कशापासून? नदीच्या तळापासून की समुद्रसपाटीपासून? आणि बदलापूरला साडेसतरा झाले तर त्याच नदीवरच्या रायत्याच्या पुलावर किती वेळाने काय होणार? आकडा कार्यालयातून कार्यालयात जातो, तिथे त्याची नोंद होते आणि तो काठावर उतरायचा राहून जातो. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले, तेव्हा उल्हास नावाची नदी आहे हे देशाला कळलं. नदीकाठच्या माणसाला ते आधीपासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता भातसाचं बघा. धरण आपल्या जिल्ह्यातलं, शहापूर तालुक्यातलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, आणि त्यातले ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातसातले. मुंबई महापालिका पावसाळ्यात रोज सकाळी सहाचा आकडा जाहीर करते. त्यामुळे परळचा माणूस चहाबरोबर भातसाची टक्केवारी वाचतो. त्याच रविवारी तोच माणूस सहकुटुंब खडवलीला येतो, भातसाच्या पाण्यात उतरतो, आणि वरचे दरवाजे उघडलेत की बंद हे सांगणारी एक पाटी तिथे त्याला दिसत नाही. पाणी प्यायचं असलं की त्याला दशलक्ष लिटरपर्यंतचा हिशेब मिळतो. पाण्यात उभं राहायचं असलं की काहीच नाही.

दरवाजे उघडण्याआधी पत्रं निघतात, हे मला माहीत आहे. धरणाकडून तहसीलला, तहसीलकडून पोलिसांना आणि ग्रामपंचायतींना. शेवटी भोंगा लावलेली रिक्षा फिरते: नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. साहेब, सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावं? ताठ उभं राहावं? सुटलेलं पाणी खडवलीला किती तासांनी पोचतं आणि तिथे ते किती फूट चढतं, एवढी दोन वाक्यं त्या भोंग्यावर आली तर गुरं कधी हलवायची, पंप कधी काढायचा, गळ कधी गुंडाळायचा हे लोक स्वतः ठरवतील. बारवी धरणाचं तर आणखी वेगळं. तिथले दरवाजे स्वयंचलित. पाणी ७२.६० मीटरला टेकलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. म्हणजे तिथे दरवाजा उघडल्याची बातमी उपयोगाची नाही. उघडायला किती सेंटिमीटर उरलेत, ती बातमी उपयोगाची.

एवढ्यासाठी माझी मागणी. पाणीपट्टी आम्ही दरवर्षी भरतो, आता पाण्यात एक पट्टी उभी करा. रुंद्याच्या पुलाच्या खांबावर, खडवलीच्या घाटाजवळ, रायत्याला, आणि वर मुरबाडकडे काळूकाठच्या एखाद्या गावात. पट्टीवर आकडे मराठी, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही काठावरून वाचता येतील एवढे मोठे. खाली पांढरा रंग, वर पिवळा, त्यावर लाल. कुठला रंग कुठे सुरू करायचा हे कार्यालयात बसून ठरवू नका. गावातल्या बायकांना विचारा. कुठल्या वर्षी पाणी पायरीला लागलं, कुठल्या वर्षी उंबऱ्याला, त्यांना सगळं पाठ आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना माहीत झालं. उल्हास-काळूच्या काठी त्या रात्री पाणी कुठवर आलं, त्याच्या खुणा अजून कित्येक भिंतींवर आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहेत. ती खूण त्या पट्टीच्या माथ्यावर रंगवा, तारखेसकट. दुसरा कुठला इशारा लिहायची गरज पडणार नाही.

पट्टी वाचायची कुणी? आम्ही वाचू. पहाटे पाचला पूल ओलांडणारा दूधवाला आहे. शाळेत जाणारी पोरं आहेत. गणपतीच्या देवळाच्या वाटेवरच्या फुलवाल्या बाया आहेत, त्यांची फुलं नदीपलीकडून येतात, पूल बुडाला की आधी त्यांचा धंदा बुडतो. आणि आम्ही गळवाले आहोत. आम्ही लोक तसे संशयास्पद. मासा कुठे लागला हे आम्ही सख्ख्या भावालाही खरं सांगत नाही. मरळ डोहात लागली असेल तर बंधाऱ्याखाली लागली म्हणून सांगू. पण पाणी किती आहे, याबद्दल गळवाला कधी खोटं बोलत नाही, कारण उद्या त्यालाच तिथे उतरायचं असतं. या एका बाबतीत आमच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

असं कुठे होतं का, असं आपण विचाराल. होतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बफेलो विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाने २०१०च्या सुमारास ओढ्यांमध्ये अशाच पट्ट्या उभ्या केल्या. शेजारी पाटी लावली: पाण्याची पातळी वाचा आणि या नंबरवर कळवा. फिरायला आलेले, गळ टाकायला आलेले, कुत्रं घेऊन निघालेले लोक मोबाइलवरून आकडा पाठवू लागले. पुढे ते आकडे यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि ते कामाचे निघाले. तिकडच्या मोठ्या सरोवरांत तर तरंगते बोये वारा, लाटा, पाण्याचं तापमान सतत सांगत असतात, आणि होडी काढण्याआधी लोक ते बघतात. आपल्याला एवढं नको. आपल्याला आसामसारखं पुरे. तिथे जियाढल नदीच्या वरच्या अंगाला पात्रात पातळी ओळखणारं साधं यंत्र बसवलं, जवळच्या एका घरात त्याचा दिवा आणि भोंगा ठेवला. वरच्या गावात दिवा पेटला की त्या घरचा माणूस खालच्या गावांना फोन करतो. आरण्यक ही तिथली संस्था आणि काठमांडूची इसिमोड यांनी गावकऱ्यांबरोबर केलेल्या या कामाला २०१४ साली संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक पुरस्कार मिळाला. वरच्या गावाने खालच्या गावाला हाक मारायची, एवढीच त्यातली विद्या. मुरबाडच्या अंगाला अशी हाक मारणारा एक माणूस असता तर माझ्या चपला वाचल्या असत्या.

यात एक गोष्ट मात्र फुकटात नको. पाण्याचा रंग, ओढ, वास यांची सगळ्यात बारीक जाण काठावरच्या कातकऱ्यांना आहे. पहिल्या पावसात वलगण चढते, मासे अंडी घालायला ओढ्या-शेतांकडे धावतात, त्या रात्री पाणी कधी येणार हे त्यांना आधी कळतं. (वलगणीत अंड्यांनी भरलेला मासा टोपल्यांनी उचलणं मला पटत नाही, पण तो भांडणाचा विषय आहे, पत्राचा नव्हे.) असा माणूस आपल्यासाठी दिवसातून दोनदा पट्टी वाचणार असेल, पुराच्या रात्री तासातासाला वाचणार असेल, तर त्याला मानधन द्या, बॅटरी द्या, फोनचं रिचार्ज द्या. लोकसहभाग म्हणजे गरिबाकडून बिनपैशाचं काम, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर रुळतो.

आकडे एका जागी यावेत म्हणून फार खटाटोप नको. तहसील कार्यालयात एक नंबर, त्यावर येणारा आकडा आणि पट्टीचा फोटो, तोच पुढे ग्रामपंचायती, रेल्वे स्थानकं आणि देवस्थानाच्या फलकावर. टिटवाळा स्थानकात उतरणारी माणसं अंगारकीला किती असतात ते आपण पोलीस बंदोबस्ताच्या आकड्यांवरून जाणताच. त्यातली निम्मी दर्शनानंतर पाणी बघायला जातात. गाडी उशिरा असल्याची घोषणा स्थानकात होऊ शकते, तर 'काळूला पाणी चढत आहे' ही घोषणाही होऊ शकेल.

समुद्राकडे बघा. कोळी बांधवांना हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून लाटांची उंची आणि मासा मिळण्याचे पट्टे कळतात. फोन नव्हते तेव्हाही बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी परत फिरायची. गोड्या पाण्यातल्या मच्छीमाराला बावटा कोण दाखवतं? रुंद्याच्या पुलावर तांबडा बावटा लावायला काठी आणि वारभर कापड लागतं.

होड्यांबद्दलही लिहायला हवं, कारण टिटवाळ्याचा देवच मुळात तळ्यातून आला. पेशवाईत, थोरल्या माधवरावांच्या काळी, दुष्काळात तळ्याचा गाळ काढताना मूर्ती सापडली असं परंपरा सांगते. आता त्या तळ्यात लोक होडीत बसतात. ठाण्याच्या तलावपाळीत बसतात, कल्याणच्या काळ्या तलावात बसतात. लहान तळं म्हणून कुणी गांभीर्याने घेत नाही. १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तेही शहरातलंच तळं होतं. आणि त्याच वर्षी २१ मेला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात बुडाली, सहा जण गेले. तिथे पूर नव्हता, वारा होता. वळवाचा वारा दहा मिनिटांत उठतो. धक्क्यावर वाऱ्याची पिशवी टांगलेली असेल, आज किती जॅकेटं आहेत आणि शेवटची फेरी किती वाजता हे खडूने लिहिलेलं असेल, आणि बावटा वर गेला की तिकीट बंद, तर होडीवाल्यालाही गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी लागणार नाही. 'मी नाही म्हणत, पाटी म्हणते' हे त्याला म्हणता येईल. कंत्राटाच्या अटींमध्ये ही एक ओळ घालायला लावणं आपल्याला जड नाही.

तळ्याची तब्येतही आम्हीच आधी बघतो. ढगाळ हवेत, वारा पडलेला असताना, पहाटे मासे तोंड वर काढून हवा पिऊ लागले की पाण्यातला प्राणवायू संपत आलाय हे गळवाल्याला कळतं. दोन दिवसांनी मेलेले मासे तरंगतात तेव्हा ते सगळ्यांना कळतं. पाणी किती गढूळ आहे हे बघायला प्रयोगशाळाही नको. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून दोरीला बांधलेली गोल तबकडी भूमध्य समुद्रात सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. आजही जगभर तेच करतात. पांढरी थाळी, दोरी, दोरीला हातहात अंतरावर गाठी. शाळेच्या सहावीच्या वर्गाचं काम आहे. उल्हासवर उन्हाळ्यात जलपर्णी कुठवर सरकली, हेही तीच पोरं सांगू शकतील.

आपण दर पावसाळ्यात धबधबे, नद्या, धरणं अशा ठिकाणी बंदी आदेश काढता. काढायलाच हवेत, दरवर्षी लोक बुडतात. पण एक नागरिक म्हणून सांगतो, चार महिने सरसकट बंदी असली की ती कुणी पाळत नाही आणि ज्या दिवशी खरंच जाऊ नये तो दिवस इतर दिवसांत हरवून जातो. पोलीस एका वाटेवर उभे, लोक दुसऱ्या वाटेने पाण्यात. त्यांना पट्टीवरचा लाल रंग बुडालेला दिसू द्या. आदेश मोडणारा माणूसही स्वतःच्या डोळ्यांना घाबरतो.

आणि वाळू. कल्याणच्या खाडीत, काळू-उल्हासच्या पात्रात रात्रीचे सक्शन पंप चालतात, आपला महसूल विभाग ते पकडतो, बोटी बुडवतो, पुन्हा चालतात. त्याचा हिशेब ब्रासमध्ये आणि दंडात होतो. आमचा हिशेब वेगळा आहे. गेल्या वर्षी गुडघाभर असलेल्या उतारावर यंदा बांबूला तळ लागत नाही. जुन्या डोहांना नावं असतात, या नव्या खड्ड्यांना नावं नाहीत, म्हणून पोरं तिथे उडी मारतात. पट्टी वाचणारा माणूस असा खड्डाही कळवू शकतो. कळवल्यावर त्याचं नाव पंपवाल्यांपर्यंत पोचणार नाही एवढी हमी मात्र आपण द्यायला हवी. तेवढ्यासाठी पट्टी वाचणारे एकाऐवजी तीन-चार असलेले बरे.

आम्ही काही जण तयार आहोत. त्यात दोन निवृत्त रेल्वेवाले आहेत, त्यांना रंगकाम येतं आणि वेळेची शिस्तही आहे. भोकशीवाल्या बाबांना मी विचारलं. ते म्हणाले, वाचता येत नाही, पण रंग कळतो. तिसरा रंग लागला की फोन करीन. पांढऱ्या, पिवळ्या आणि लाल ऑइलपेंटचा एकेक डबा आम्ही आणून ठेवला आहे. पुलाच्या खांबावर सरकारी मालमत्तेचं विद्रूपीकरण म्हणून गुन्हा दाखल होऊ नये, यासाठी कुणाची परवानगी लागते, बांधकाम विभागाची, जलसंपदाची की आपली, तेवढं कळवावं. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं. शून्याची रेघ तेव्हाच मारता येते.

आपला,
काळूकाठचा एक गळवाला
टिटवाळा